पाळण्यापर्यंत न पोहोचलेले नाव

भावाच्या मुलीच्या बारशाच्या आदल्या संध्याकाळी आतल्या खोलीत ओवा-वेखंडाची धुरी चालली होती, स्वयंपाकघरात घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत पडले होते आणि बाहेर नावांची यादी एका हातातून दुसऱ्या हातात जात होती. मी आत्या, नाव ठेवण्याचा मान माझा असला, तरी नाव निवडण्याचा अधिकार अर्थातच मुलीच्या आईबापांचा. यादीतली बहुतेक नावे दोन अक्षरी होती, एकमेकींच्या बहिणी शोभतील अशी. माझ्या वहिनीचे माहेर अमरावतीचे. बाळंतपणाचा थकवा अजून डोळ्यांत असलेल्या तिने बराच वेळ काही न बोलता यादी पाहिली आणि मग म्हणाली, ‘लोपामुद्रा ठेवू या का?’ क्षणभर कुणी काही बोलले नाही. मग थोरल्या काकू म्हणाल्या, ‘अगं, लेकराच्या नावात लोप कशाला?’ आणखी कुणी तरी म्हणाले की एवढे लांब नाव शाळेत कुणी हाक मारायला वापरणार नाही. वहिनी ‘बरं’ म्हणाली आणि यादी पुढे सरकली. दुसऱ्या दिवशी मी दोन अक्षरी नाव बाळाच्या कानात सांगितले, पाळण्याची गाणी झाली, घुगऱ्या वाटल्या गेल्या आणि बारसे आनंदात पार पडले; मनातून गेला नाही तो वहिनीचा तेवढा एक शब्द.

तिने सुचवलेले नाव तिच्या माहेरचेच होते.

विदर्भाने पुराणांना आणि काव्यांना चार मोठ्या लेकी दिल्या. रुक्मिणी, दमयंती, इंदुमती आणि अगस्त्य ऋषींची पत्नी लोपामुद्रा. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडिण्यपूर रुक्मिणीचे माहेर मानले जाते आणि तिथून तिची पालखी आजही पंढरपूरला जाते. भीमक राजाची ही मुलगी महाराष्ट्रात रखुमाई झाली आणि रखमा, रुक्मा, रुखमी अशा कितीतरी रूपांनी शेतातल्या बायांपासून वाड्यांतल्या बायांपर्यंत सर्वांच्या अंगावर वावरली. दमयंती आणि इंदुमती ही नावे आज जुनी वाटतात, पण आमच्या आजीच्या पिढीत ती सुशिक्षित घरांतली हमखास नावे होती. लग्नपत्रिकांत, शाळांच्या हजेरीपटांवर आणि जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर शाईने लिहिलेल्या सह्यांत ती अजून सापडतात. चौथी लेक मात्र या मालिकेत दिसत नाही. ती अनोळखी आहे म्हणावे तर तसेही नाही. वाल्मीकी रामायणाच्या सुंदरकांडात अशोकवनातली सीता राक्षसिणींना आपल्या निष्ठेची साक्ष देताना जी नावे घेते, त्यांत अरुंधती, रोहिणी, सुकन्या, सावित्री आणि दमयंती यांच्यासोबत लोपामुद्राही आहे. यांपैकी बाकीची नावे असलेल्या बायका आपल्या नात्यात, शेजारात, शाळेत भेटल्या आहेत. एकाच श्लोकमालेतली, एकाच आदराने घेतलेली नावे. त्यांपैकी एकच पाळण्यापर्यंत का पोहोचले नाही, या प्रश्नाने मला त्या बारशानंतर बराच काळ सोडले नाही.

काकूंचा आक्षेप मी हलका मानत नाही. नाव हे आशीर्वादासारखे असावे ही भावना फार जुनी आहे. मुलीचे नाव कसे असावे हे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे: उच्चाराला सोपे, कठोर नसलेले, अर्थाला स्पष्ट, मनोहर, मंगल, दीर्घ स्वराने संपणारे आणि आशीर्वाद सुचवणारे. पारस्कर गृह्यसूत्र तर मुलीच्या नावाची अक्षरे विषम असावीत असेही म्हणते. या कसोट्यांवर लोपामुद्रा अडखळते हे खरे; अक्षरे चार, शेवटी जोडाक्षर आणि अर्थ सहज न उलगडणारा. पण दमयंती आणि इंदुमती यांची अक्षरेही चारच आहेत. त्याच मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्राचे, वृक्षाचे किंवा नदीचे नाव असलेली मुलगी वधू म्हणून टाळावी असे सांगितले असताना आपल्याकडे रोहिणी आणि रेवती, तुळसा, गंगा, यमुना, गोदावरी अशा नावांच्या पिढ्याच्या पिढ्या सुखाने नांदल्या. लोकांनी नावे ठेवताना नियमांची पोथी क्वचितच उघडली असावी. अशुभ अर्थाचा धाक म्हणावा, तर मूल जगावे म्हणून आपण दगडू आणि धोंडू ही नावे ठेवली आहेत, आणि मुलगा हवा होता म्हणून मुलीला ‘नकोशी’ हे नाव देऊन ते शाळेच्या दाखल्यावरही चढवले आहे. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना प्रशासनाने समारंभपूर्वक नवी नावे दिली, तेव्हा त्यांतल्या कितीजणी चांगल्या मोठ्या झालेल्या होत्या. ज्या समाजाच्या तोंडी ‘नकोशी’ ही हाक बसली, त्याला ‘लोप’ या दोन अक्षरांची भीती वाटावी, हे मला पटत नाही.

माझ्या मते खरे कारण गोष्टीत आहे. नाव घराघरांत जाते ते गोष्टीचे बोट धरून, आणि मराठीला विदर्भाच्या लेकींची गोष्ट आवडली ती स्वयंवराच्या रूपात. तेराव्या शतकात महदंबेने धवळे गायले ते रुक्मिणीच्या लग्नाचे, नरेंद्राने काव्य रचले ते रुक्मिणी स्वयंवराचे, आणि 1571 मध्ये एकनाथांनी काशीत बसून पुन्हा तोच विषय घेतला. चांगला नवरा मिळावा म्हणून उपवर मुलींनी एकनाथांचे रुक्मिणी स्वयंवर वाचण्याची पद्धत कितीतरी घरांत होती. नल-दमयंतीचे आख्यान रघुनाथ पंडितांनी लिहिले आणि त्यातला राजहंस शाळेच्या वर्गांत पाठ झाला. इंदुमतीचे स्वयंवर कालिदासाने रघुवंशाच्या सहाव्या सर्गात रंगवले. हातात माळ घेऊन राजांच्या रांगेपुढून जाणाऱ्या तिला त्याने चालत्या दीपशिखेची उपमा दिली आणि त्या उपमेने त्यालाच ‘दीपशिखा कालिदास’ हे नाव मिळाले. लोपामुद्रेचे स्वयंवर झालेच नाही. तिच्यासाठी राजे जमले नाहीत, हंस उडाला नाही, कुणी पत्र घेऊन द्वारकेला गेले नाही. मंडपात बसून ऐकण्याजोगा प्रसंगच तिच्या वाट्याला आला नाही, आणि कीर्तनकारांच्या, आख्यानकारांच्या वाटेवर ती मागे राहिली.

मराठी घरांत तिचे नाव पोहोचले ते दुसऱ्याच दाराने. आमच्या घरी दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह असे. आजोबा सोवळे नेसून चौरंगासमोर बसत, उदबत्तीचा धूर खिडकीतल्या उन्हात तिरपा होई आणि आजी व आई भिंतीला टेकून ऐकत. बायकांनी ही पोथी स्वतः वाचायची नाही असा आमच्याकडे दंडक होता, त्यामुळे त्या दोघी वर्षानुवर्षे फक्त ऐकतच आल्या. एकतिसाव्या अध्यायात लोपामुद्रा येते. माहूरहून आजारी नवऱ्याला घेऊन आलेल्या, गाणगापुरात वैधव्य कोसळलेल्या तरुण स्त्रीला एक योगी स्त्रीधर्म सांगतो, आणि तो सांगताना काशीखंडातली कथा घेतो: देव अगस्त्यांच्या आश्रमात आले, बृहस्पतींनी लोपामुद्रेकडे पाहून तिची स्तुती केली आणि पतिव्रतेने कसे वागावे हे विस्ताराने सांगितले. नवरा जेवल्यावर जेवावे, तो निजल्यावर निजावे, तो उठण्याच्या आधी उठावे. लहानपणी मला तो अध्याय लांबलचक वाटे. आजी मात्र त्या वेळी फार स्थिर बसलेली असे. तिच्या चेहऱ्यावर श्रद्धा होती की वर्षांचा शीण होता, हे मला तेव्हा कळत नव्हते आणि आजही नेमके सांगता येणार नाही. पुढे मोठेपणी तो अध्याय मी स्वतः वाचला तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. त्या सगळ्या स्तुतीत लोपामुद्रा समोर उभी आहे, तिच्याविषयी बोलले जाते आहे, पण उपदेशाचा तो सारा विस्तार बृहस्पतींच्या मुखातून येतो आणि ती आदर्श म्हणून फक्त ऐकत राहते. कर्तव्यांची यादी मनात आदर निर्माण करू शकते. तिच्यावरून लेकीचे नाव ठेवावेसे कुणाला कसे वाटावे?

आणि हीच स्त्री सर्वांत आधी आपल्याला भेटते ती बोलताना.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातले 179 वे सूक्त अवघ्या सहा ऋचांचे आहे, आणि त्यातल्या पहिल्या दोन ऋचा परंपरेने लोपामुद्रेच्या मानल्या आहेत. ‘पूर्वीरहं शरदः शश्रमाणा’ अशी सुरुवात होते. अनेक शरद ऋतू मी रात्रंदिवस श्रमत आले, म्हातारपण आणणाऱ्या उषा एकामागून एक उगवत राहिल्या, आणि वार्धक्य शरीराची शोभा नाहीशी करते, असे ती आपल्या तपस्वी नवऱ्याला सांगते. तिची मागणी सरळ आहे: पतींनी आता आपल्या पत्नींजवळ यावे. दुसऱ्या ऋचेत ती युक्तिवाद करते की पूर्वी जे ऋताला धरून राहणारे होते, देवांशी सत्य बोलत होते, त्यांनीही तप थांबवले, कारण त्याचा अंत त्यांना गाठता आला नाही. तिच्या बोलण्यात रडगाणे नाही आणि आर्जवही नाही. श्रमलेल्या माणसाची स्पष्टता आहे. अगस्त्य उत्तर देतात, श्रम वाया गेलेले नाहीत असे म्हणतात, आपण दोघे मिळून शंभर उपायांची ही लढाई जिंकू असेही म्हणतात. चौथ्या ऋचेत तर तिचे नाव प्रत्यक्ष उच्चारलेले आहे. म्हणजे हे नाव टीकाकारांनी मागाहून सूचीत लिहून ठेवलेले नाही. ते मंत्राच्या पोटात आहे. निदान तीन हजार वर्षे पाठ करणाऱ्यांनी ही अक्षरे उदात्त-अनुदात्तासह जशीच्या तशी जपली. ऋग्वेदाच्या देवतांविषयीच्या बृहद्देवता या जुन्या ग्रंथात ब्रह्मवादिनींची, म्हणजे मंत्रद्रष्ट्या स्त्रियांची, यादी आहे, तिच्यात घोषा, विश्ववारा, अपाला यांच्यासोबत लोपामुद्रा आहे. हे सूक्त प्रथम वाचले तेव्हा मला आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ एक दुखरी भावना आली, कारण भिंतीला टेकून ऐकणाऱ्या माझ्या आजीपर्यंत या दोन ऋचा कधीच आल्या नाहीत.

या नावाचा अर्थ काय, याचे उत्तर ऋग्वेद देत नाही. ते काम कथांनी केले. महाभारताच्या वनपर्वात अगस्त्यांना आपले पितर एका खड्ड्यात उलटे लोंबकळताना दिसतात, वंश पुढे चालावा म्हणून ते विनवतात, आणि आपल्याला साजेशी स्त्री सापडेना तेव्हा ऋषी निरनिराळ्या प्राण्यांचे उत्तमोत्तम अवयव मनाने एकत्र करून एक मुलगी निर्माण करतात व अपत्यासाठी तळमळणाऱ्या विदर्भराजाला देतात. राजा ब्राह्मणांना आनंदाने ही वार्ता कळवतो आणि ते तिचे नाव लोपामुद्रा ठेवतात. पुढे या कथेवरून व्युत्पत्ती सांगितली जाऊ लागली की हरिणीचे डोळे आणि इतरांचे असे एकेक सौंदर्य तिच्याकडे गेल्याने त्या त्या प्राण्याची मुद्रा, म्हणजे ऐट, लोपली. अर्थात लोप झाला तो इतरांच्या रूपगर्वाचा. पण मला या व्युत्पत्तीपेक्षा कथेचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. ऋषी मुलगी मागायला येतात तेव्हा राजा-राणी द्यायलाही धजत नाहीत आणि नाही म्हणायलाही. तेव्हा मुलगीच पुढे होऊन सांगते की मला त्यांना द्या आणि स्वतःचे रक्षण करा. ती रेशमी वस्त्रे उतरवून वल्कले नेसते, गंगाद्वारी नवऱ्याबरोबर तप करते. आणि पुढे तो तिला जवळ बोलावतो तेव्हा हात जोडून, लाजत, पण न अडखळता म्हणते की माझ्या बापाच्या घरी होती तशी शय्या हवी, अलंकार हवेत, आणि त्यासाठी तुमचे तप मात्र खर्ची पडू नये. मग अगस्त्य धनासाठी राजांकडे जातात. तिघेही राजे आपला जमाखर्च पुढे ठेवतात, आय आणि व्यय समान निघतात, आणि प्रजेच्या तोंडचे काढून घेणे नको म्हणून सगळे मिळून इल्वल असुराकडे वळतात. इल्वल-वातापीची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. ती एका बाईच्या मागणीतून घडली, हे मात्र सांगायचे राहून जाते. शेवटी ऋषी विचारतात की हजार पुत्र हवेत, दहांच्या तोडीचे शंभर हवेत, शंभरांच्या तोडीचे दहा हवेत, की हजारांना भारी पडेल असा एक हवा. ती एक मागते, विद्वान आणि सज्जन.

महाराष्ट्राबाहेर या नावाचे नशीब वेगळे निघाले. बंगालमध्ये आणि ओडिशात लोपामुद्रा नावाच्या मुली आजही सहज भेटतात. लोपामुद्रा मित्र यांचे गाणे ज्यांनी ऐकले आहे त्यांना ते नाव जड वाटण्याचा प्रश्नच येत नाही. बंगाली घरात कागदावरचे ‘भालो नाम’ आणि हाक मारायचे ‘डाक नाम’ अशी दोन नावे असतात, त्यामुळे कागदावरचे नाव हवे तेवढे भारदस्त ठेवता येते आणि अंगणातून हाक मारताना जीभ अडत नाही. शाळेत हाक कशी मारणार, या आमच्या बैठकीतल्या शंकेचे उत्तर त्या समाजाने केव्हाच शोधून ठेवले आहे. गुजरातीत तर ‘लोपा’ एवढेच नाव मुलींना ठेवतात. आपल्याकडे 2016 च्या सुमारास नागपूरच्या लोपामुद्रा राऊत सौंदर्यस्पर्धेमुळे आणि दूरचित्रवाणीमुळे घरोघरी ठाऊक झाल्या, तेव्हा बऱ्याच जणांनी हे नाव बाईचे नाव म्हणून पहिल्यांदा ऐकले. त्या नागपूरच्या आहेत हे मला फार बरे वाटले होते. दक्षिणेत कोडगूच्या परंपरेत लोपामुद्रा कावेरी होते: एकटे सोडणार नाही हे वचन अगस्त्यांकडून मोडले गेले, तेव्हा ती पाणी होऊन वाहू लागली. तळकावेरीला दर ऑक्टोबरात तुला संक्रमणाच्या दिवशी लोक तिच्या उगमाशी जमतात. कावेरी हे नाव मराठी घरांत कितीतरी मुलींना आहे. म्हणजे तीच स्त्री नदीच्या नावाने आपल्या पाळण्यात आली, स्वतःच्या नावाने आली नाही. श्रीविद्येच्या, म्हणजे ललिता देवीच्या उपासनामार्गाच्या, उपासकांनी मात्र तिचे स्थान स्वतंत्र राखले. ललिता सहस्रनामात देवीचे एक नाव ‘लोपामुद्रार्चिता’ आहे, लोपामुद्रेने पूजिलेली. देवीच्या तीनशे नावांच्या ललिता त्रिशतीच्या प्रस्तावनेत तर याहून पुढची गोष्ट आहे: अगस्त्यांना ही नावे सांगावीत की नाहीत अशा पेचात त्यांचे गुरू हयग्रीव असताना देवी त्यांना सांगते की याची पत्नी लोपामुद्रा माझी अतिशय भक्तीने उपासना करते, म्हणून याला सांग. पतीला ते ज्ञान मिळाले त्यात पत्नीच्या उपासनेचा वाटा आहे. आमच्याकडे शुक्रवारी सहस्रनाम म्हणणाऱ्या बायका ते नाव दर आठवड्याला उच्चारत आल्या, पण ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली नाही.

गेल्या काही दशकांत मराठी आईबापांनी जुन्या ग्रंथांतून मुलींची नावे परत आणली. गार्गी आणि मैत्रेयी या आता वर्गावर्गांत असतात. याज्ञवल्क्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारणारी गार्गी आणि ज्या धनाने अमर होणार नाही ते घेऊन काय करू असे विचारणारी मैत्रेयी, या दोघी आपल्या संवादांसह पाठ्यपुस्तकांत आल्या आणि पाठोपाठ पाळण्यांत आल्या. लोपामुद्रेचाही संवादच आहे, आणि तो त्या दोघींच्या आधीचा आहे. फक्त तिने विचारलेले आत्म्याविषयीचे नाही. ते संसारातल्या दोन माणसांविषयीचे आहे, शरीराविषयीचे आणि सरत जाणाऱ्या वर्षांविषयीचे आहे. लहान मुलींच्या वर्गात ते कसे सांगायचे, या संकोचाने तिचा संवाद गाळला गेला आणि तिच्याऐवजी बृहस्पतींचा उपदेश पुढे राहिला. मला हा संकोच समजतो, पण त्यापायी फार मोठी किंमत दिली गेली असे वाटते. नवऱ्याच्या तपाचा मान राखून, स्वतःच्या श्रमांचाही हिशेब मांडून, माझे मला हवे आहे असे म्हणणारी इतकी जुनी आणि इतकी स्वच्छ बाईची वाणी आपल्याजवळ असताना ती मुलींपासून दूर ठेवण्याइतके त्यात काहीही नाही. दहा वर्षांच्या मुलीला एवढे तर नक्की सांगता येते की तुझ्या नावाची बाई विदर्भाची होती, तिने कुठे जायचे ते स्वतः ठरवले, काय हवे ते स्वतः मागितले, आणि ऋग्वेदात तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत आहे. ज्या आईला हे नाव आवडेल तिने घरी ‘लोपा’ म्हणून हाक मारावी, दाखल्यावर पूर्ण चार अक्षरे लिहावीत, आणि मुलगी मोठी झाली की गुरुचरित्राचा एकतिसावा अध्याय तिच्या हाती देण्याआधी त्या दोन ऋचा अर्थासह वाचून दाखवाव्यात.